गंभीर अणुअपघाताच्या संगणकीय गणितातील अनिश्चितता कशी मोजावी

फुकुशिमा दाइइची येथील अपघातात किती सीझियम-१३७ वातावरणात गेले, या प्रश्नाला संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने दिलेले उत्तर ६ ते २० पेटाबेक्वेरेल (किरणोत्सारितेचे एकक) असे आहे, आणि आयोडीन-१३१ साठी ते १०० ते ५०० पेटाबेक्वेरेल असे आहे. अपघात घडून गेला, मोजमापे हाती आली, तरीही अंदाजाची वरची आणि खालची बाजू यांत तिप्पट ते पाचपट अंतर उरते. मग अजून न घडलेल्या अपघाताचे गणित करून तीन दशांश स्थळांपर्यंतचा एकच आकडा देणारा अहवाल वाचताना शंका यायलाच हवी. त्या आकड्याभोवतीची मर्यादा कशी काढावी, याची कामाच्या क्रमाने मांडणी पुढे केली आहे.

ज्यांच्याकडे एखाद्या अणुवीज केंद्राचा चालता इनपुट डेक (संगणकीय प्रारूपाची माहिती-फाइल) आहे आणि ज्यांना संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख आहे, अशा अभियंत्यांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी हे लिखाण आहे. उदाहरणे मुख्यतः मेलकोर या कोडची, म्हणजे अपघाताचे गणित करणाऱ्या संगणकप्रणालीची, आहेत, जो अमेरिकेच्या अणुनियामक आयोगासाठी सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा विकसित करते. परंतु माप किंवा अॅस्टेक हे तसेच कोड वापरणाऱ्यांनाही क्रम हाच राहील. या कामात संख्याशास्त्र हा तुलनेने सोपा भाग आहे, हे माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. घटकांच्या (गणितात भरल्या जाणाऱ्या अनिश्चित मूल्यांच्या) मर्यादा ठरवण्यात आणि मध्येच बंद पडलेल्या रनांचा (गणिताच्या एकेका फेरीचा) निकाल लावण्यात निम्म्याहून अधिक वेळ गेला नसेल, तर शेवटचा आलेख देखणा असला तरी त्याच्या आधारे निर्णय घेऊ नये.

पायरी १ : कोणता आकडा हवा, ते आधी लिहून काढा

गंभीर अपघाताचा एक रन हजारो राशींचा काळानुसार बदल देतो. त्यांतील दोन किंवा तीन राशी निवडाव्यात आणि प्रत्येकीची व्याख्या वेळेसह करावी. ‘पर्यावरणात गेलेले सीझियम’ ही व्याख्या अपुरी आहे. ‘अणुभट्टी बंद झाल्यापासून ७२ तासांत पर्यावरणात गेलेला सीझियमचा, गाभ्यातील मूळ साठ्याच्या तुलनेतील अंश’ ही पुरेशी आहे. ४८ तासांवर गणित थांबवले आणि कंटेनमेंट (भट्टीभोवतीची बंदिस्त रचना) ५० व्या तासाला फुटले, तर अनिश्चितता कमी दिसते आणि ती दिसण्याचे कारण निव्वळ आपण लवकर थांबलो हे असते.

कोणती बाजू धोक्याची आहे, तेही याच वेळी ठरवावे. हायड्रोजनचे वस्तुमान आणि किरणोत्सर्गी उत्सर्ग यांच्या बाबतीत वरची मर्यादा महत्त्वाची असते. दाबपात्र (गाभा ज्यात असतो ते पोलादी पात्र) फुटण्याची वेळ मात्र लोकांना हलवण्याच्या नियोजनासाठी लागते, आणि तेथे सर्वांत लवकरची, म्हणजे खालच्या बाजूची, वेळ पाहावी लागते. सगळ्याच राशींसाठी सवयीने ९५ वा शतमक (ज्याच्या खाली ९५ टक्के उत्तरे असतात तो आकडा) छापणारे अहवाल मी पाहिले आहेत. वेळेच्या बाबतीत तो आकडा सर्वांत निश्चिंत करणारा आणि म्हणून सर्वांत निरुपयोगी असतो.

पायरी २ : कोडची स्वतःची थरथर मोजा

कोणताही घटक बदलण्याआधी मूळ रन, म्हणजे बेस केस, वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या ताळेबंदासाठी तपासावा. त्यानंतर एक छोटी चाचणी करावी, जी बहुतेक जण टाळतात. तोच इनपुट डेक भौतिक अर्थाने काहीही न बदलता, केवळ कमाल कालपायरीत (गणित एका वेळी जितका काळ पुढे सरकते त्यात) नगण्य फेरफार करून, दहा-वीस वेळा चालवावा. गणित पूर्णपणे स्थिर असते, तर सर्व उत्तरे जवळजवळ सारखी आली असती. प्रत्यक्षात इंधनकांड्या कोसळण्याचा क्षण काही मिनिटांनी सरकतो, त्यामुळे वाफेचा मार्ग बदलतो आणि शेवटी हायड्रोजनचा आकडाही बदलतो. हा पसारा म्हणजे आपल्या मोजपट्टीची जाडी आहे. पुढे एखाद्या घटकाचा परिणाम याहून लहान निघाला, तर त्यावर भाष्य करू नये.

पायरी ३ : घटक निवडा आणि त्यांचे दोन गट करा

काही गोष्टी योगायोगाच्या असतात आणि काही आपल्या अज्ञानाच्या. सुरक्षा झडप कितव्या वेळी उघडी अडकेल, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न आहे आणि कितीही संशोधन केले तरी त्याचे उत्तर एक आकडा होणार नाही. वितळलेले झिरकोनियम कोणत्या तापमानाला इंधनकांडीच्या आवरणातून बाहेर पडते, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे आणि प्रयोगांनी त्याची मर्यादा कमी करता येते. दोन्ही गटांचे नमुने एकत्र घेतले तरी चालते, परंतु ते तक्त्यात वेगळे ठेवावेत, कारण पैसा संशोधनावर खर्च करायचा की झडपेच्या देखभालीवर, हे या विभागणीवरूनच ठरते.

घटकांची यादी तज्ज्ञांनी महत्त्वानुसार क्रम लावलेल्या भौतिक घटनांच्या तक्त्यावरून सुरू करावी. एका केंद्रासाठी आणि एका अपघातक्रमासाठी साधारण १५ ते २५ घटक हाताळता येतात. त्याहून लांब यादीत भरताड येते आणि प्रत्येक घटकाच्या मर्यादेचे समर्थन करणे जमत नाही.

येथे भारतीय वाचकासाठी एक सूचना आवश्यक आहे. प्रसिद्ध झालेले बहुतेक अभ्यास हलक्या पाण्याच्या भट्ट्यांचे आहेत, तर आपल्याकडील बहुसंख्य भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या असल्या, तरी त्यांच्या शेजारच्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत ३९२ आडव्या नलिका कॅलेंड्रियात, म्हणजे जड पाण्याच्या मोठ्या टाकीत, बसवलेल्या आहेत. तेथे नलिका वाकून खालच्या नलिकांवर कधी टेकतात, त्यांचा ढिगारा कॅलेंड्रियाच्या तळाशी कसा साचतो आणि भोवतीच्या व्हॉल्टमधील (काँक्रीटच्या कोठडीतील) पाणी किती उष्णता खेचून घेते, हे निर्णायक घटक आहेत. उभ्या दाबपात्राच्या भट्टीसाठी बनवलेली यादी त्यावर जशीच्या तशी लावली, तर काम नीटनेटके होईल आणि प्रश्न बाजूला राहील.

पायरी ४ : मर्यादा आणि वितरण

या पायरीवर घाई करू नये. एक घटक जवळून पाहू.

सुमारे १५०० केल्विनच्या पुढे झिरकॅलॉय (झिरकोनियमचा मिश्रधातू) आवरण आणि वाफ यांची अभिक्रिया वेगाने वाढते. १ किलो झिरकोनियमपासून साधारण ४४ ग्रॅम हायड्रोजन आणि ६ मेगाज्यूलहून अधिक उष्णता मिळते. म्हणजे १ टन धातू जळाला तर ४४ किलो हायड्रोजन तयार होतो. धातू सुमारे २१०० केल्विनला वितळतो, परंतु त्याच्या बाहेर तयार झालेला झिरकोनियम ऑक्साइडचा थर त्याहून कितीतरी जास्त तापमानापर्यंत टिकतो आणि वितळलेला धातू आत धरून ठेवतो. हा थर कोणत्या तापमानाला फुटतो, यासाठी मेलकोरमध्ये एक इनपुट आहे आणि त्याचे ठरावीक मूल्य २४०० केल्विन आहे. थर लवकर फुटला तर वितळलेला धातू खाली थंड भागात वाहून गोठतो आणि ऑक्सिडेशन तेथेच मंदावते. थर उशिरा फुटला तर धातू उष्ण वाफेत अधिक काळ राहतो आणि हायड्रोजन वाढतो. एकाच आकड्याचा असा दूरवर परिणाम होत असल्याने ‘२४०० च्या दोन्ही बाजूंना १० टक्के’ अशी मर्यादा देणे चुकीचे आहे. खालची मर्यादा धातूच्या वितळणबिंदूच्या खाली जाऊ शकत नाही, वरची मर्यादा जर्मनीतील कोरा व क्वेंच आणि फ्रान्समधील फेब्यूस या प्रयोगांत दिसलेल्या वर्तनाशी जुळली पाहिजे, आणि मधला भाग अधिक संभाव्य वाटत असेल तर त्रिकोणी वितरण वापरावे.

इतर घटकांसाठी काही नियम उपयोगी पडतात. केवळ किमान आणि कमाल माहीत असेल, तर एकसमान वितरण घ्यावे. मर्यादा अनेक दशगुणांत पसरली असेल, तर लॉगरिदमवर एकसमान वितरण घ्यावे, ०.००१ ते ०.१ या मर्यादेत साधे एकसमान वितरण वापरले, तर सुमारे ९१ टक्के नमुने ०.०१ च्या वर पडतात आणि खालचा अख्खा दशक जवळजवळ तपासलाच जात नाही. ऑक्सिडेशनचा वेग कोणत्या सूत्राने काढायचा, ही निवड आकड्यांची नसून पर्यायांची आहे, म्हणून प्रत्येक सूत्राला वजन देऊन तीही नमुन्यात घालावी. मात्र सूत्र बदलत असताना त्याच सूत्राला वेगळा गुणकही लावला, तर एकच अज्ञान दोनदा मोजले जाते.

परस्परावलंबन हा वारंवार विसरला जाणारा मुद्दा आहे. हवेत तरंगणाऱ्या कणांचे गतिकीय आकारगुणक आणि गुठळ्या होण्याचे आकारगुणक हे दोन्ही कणाच्या वेडेवाकडेपणातून येतात आणि दोन्हींचे मूल्य १ पेक्षा कमी नसते. ते एकमेकांपासून स्वतंत्र मानून निवडले, तर निसर्गात न आढळणारे कण गणितात तयार होतात.

प्रत्येक घटकासमोर एक परिच्छेद लिहावा: मर्यादा कोठून आली, कोणत्या प्रयोगातून, आणि तो प्रयोग आपल्या केंद्राच्या परिस्थितीपासून किती दूर आहे. जेथे प्रयोग नाही तेथे तज्ज्ञांचे मत घ्यावे लागते. १९९० च्या न्यूरेग-११५० या अमेरिकी अभ्यासात पाच केंद्रांसाठी तज्ज्ञांच्या गटांकडून वितरणे पद्धतशीरपणे मागवली होती. एकट्याने बसून ठरवलेल्या मर्यादा बहुधा अरुंद निघतात, हा अनुभव या क्षेत्रात सार्वत्रिक आहे.

पायरी ५ : आधी लहान प्रयोगावर हात बसवा

अख्ख्या केंद्राकडे वळण्याआधी हीच पद्धत एखाद्या प्रयोगावर वापरून पाहावी. कार्ल्सरूहे येथील क्वेंच-०६ हा प्रयोग त्यासाठी सोयीचा आहे. त्यात २१ कांड्यांची विद्युततापित जुडी होती, एकूण सुमारे ३६ ग्रॅम हायड्रोजन तयार झाला आणि आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी तो प्रमाण समस्या म्हणून वापरला गेला. आपल्या रनांचा पट्टा मोजलेल्या आकड्याला कवेत घेत नसेल, तर मर्यादा अरुंद आहेत किंवा प्रारूपात काही राहून गेले आहे. पट्टा इतका रुंद असेल की त्यात कोणतेही उत्तर बसेल, तर त्या जुळण्याला अर्थ नाही. प्रयोगावर मिळालेला विश्वास हजारो कांड्यांच्या गाभ्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पायरी ६ : किती रन पुरेसे

संख्याशास्त्रज्ञ एस. एस. विल्क्स यांच्या १९४१ मधील कामावर आधारलेला नियम येथे वापरला जातो आणि जर्मनीच्या जीआरएस संस्थेने तो अणुसुरक्षेत रूढ केला. त्यामागचा तर्क सोपा आहे. यादृच्छिक निवडलेला एक रन ९५ व्या शतमकाच्या खाली पडण्याची शक्यता ०.९५ असते. ५९ रन सगळेच खाली पडण्याची शक्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे सुमारे ०.०४९ आहे. म्हणून ५९ रनांतील सर्वांत मोठे उत्तर ९५ टक्के विश्वासाने ९५ व्या शतमकाच्या वर असते. ५८ रन घेतले तर शक्यता ०.०५१ येते आणि अट थोडक्यात हुकते. घटक ५ असोत की ५०, रनांची संख्या तीच राहते, हे या नियमाचे मोठे बळ आहे.

तरीही ५९ वर थांबू नये. ५९ पैकी सर्वांत मोठे उत्तर एका विक्षिप्त रनावर अवलंबून असते आणि दुसऱ्या बीजसंख्येने (यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते त्याने) ते पुष्कळ बदलते. ९३ रन घेऊन दुसऱ्या क्रमांकाचे मोठे उत्तर, किंवा १२४ रन घेऊन तिसऱ्या क्रमांकाचे उत्तर घेतल्यास मर्यादा स्थिर होते. खालची आणि वरची मर्यादा एकाच वेळी हवी असेल, तर ९३ रनांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे उत्तर घ्यावे. हा नियम साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी सिद्ध झाला आहे. १९७९ मध्ये मांडलेली लॅटिन हायपरक्यूब पद्धत मर्यादेचा कानाकोपरा अधिक समतोलाने तपासते, परंतु तिच्या नमुन्यांवर विल्क्सचा हवाला देणे तर्काला धरून नाही. रनांची संख्या आधी ठरवावी आणि मनासारखे उत्तर येईपर्यंत रन वाढवत बसू नये.

पायरी ७ : रन चालवणे आणि बंद पडलेले रन

डाकोटा, रेव्हन, सुसा, युरानी यांपैकी कोणतेही साधन इनपुट डेकमधील खुणांच्या जागी नमुन्यातील मूल्ये भरून देते, रन सोडते आणि उत्तरे गोळा करते. येथवरचे काम यंत्रवत आहे.

खरी अडचण पुढे येते. गंभीर अपघाताच्या कोडमध्ये शंभरातील काही रन मध्येच बंद पडतातच. ते वगळून उरलेल्यांवर आकडेमोड करण्याचा मोह होतो, पण रन बंद पडणे बहुधा यादृच्छिक नसते. गाभा वेगाने कोसळतो, दाब अचानक बदलतो, तेव्हाच गणित अडखळते. म्हणजे गळलेले रन अनेकदा सर्वांत तीव्र अपघाताचेच असतात. प्रथम तोच नमुना, मूल्यांना हात न लावता, लहान कालपायरीने पुन्हा चालवावा. तरीही रन पूर्ण झाला नाही, तर बंद पडलेल्या रनांची घटकमूल्ये पूर्ण झालेल्या रनांशेजारी आलेखावर मांडावीत; ती एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसली, तर त्या भागातील प्रारूप दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी सावध हिशेबाचा मार्ग उरतो. १२४ रन चालवले आणि दोन कायमचे बंद पडले, तर ते दोन सर्वांत वाईट होते असे धरावे. मग तिसऱ्या क्रमांकाचे मोठे उत्तर म्हणजे पूर्ण झालेल्या १२२ रनांतील सर्वांत मोठे उत्तर होय, आणि विल्क्सची अट अबाधित राहते. ५९ रनांच्या योजनेत एकही बंद पडलेला रन सामावून घेता येत नाही, हे तिच्यापासून दूर राहण्याचे आणखी एक कारण.

पायरी ८ : सरासरी काढण्याआधी दोन अपघात वेगळे करा

सर्व रनांच्या रेषा एकाच आलेखावर काढून आधी डोळ्यांनी पाहाव्यात. त्या एका पट्ट्यात न राहता दोन झुबक्यांत विभागलेल्या दिसल्या, तर आपल्यासमोर एक नव्हे, दोन अपघात आहेत.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पीच बॉटम या केंद्राच्या, सँडियाने केलेल्या अनिश्चितता अभ्यासात हे स्पष्ट दिसते. दीर्घकाळ वीज गेल्यावर आणि बॅटऱ्या संपल्यावर दाबपात्राचा दाब सुरक्षा झडपेवर येतो आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी पुन्हा पुन्हा उघडते, मिटते. ती लवकर उघडी अडकली, तर दाब उतरतो आणि वायू खालच्या पाण्याच्या टाकीतून बुडबुड्यांनी जात असल्याने किरणोत्सर्गी कण बऱ्याच अंशी पाण्यात अडकतात. ती उशिरापर्यंत उघडझाप करत राहिली, तर अतितप्त वायूमुळे मुख्य वाफनळी उच्च दाबाखाली मऊ होऊन फुटू शकते, आणि मग वायू पाण्याला वळसा घालून थेट कंटेनमेंटच्या कोरड्या कक्षात शिरतो. पर्यावरणातील उत्सर्ग या दोन वाटांवर वेगळा असतो. दोन्ही गटांची मिळून काढलेली सरासरी अशा अपघाताचे वर्णन करते, जो कोणत्याही रनात घडलेला नाही. म्हणून प्रत्येक गटाची शक्यता आणि प्रत्येक गटातील पसारा स्वतंत्रपणे द्यावा.

असाच प्रश्न दाबपात्राच्या बाबतीत येतो. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला, त्यातील सुमारे २० टन तळाशी वाहून आला, तरी पात्र फुटले नाही. ज्या रनांत पात्र शाबूत राहते, त्यांत ‘पात्र फुटण्याची वेळ’ अस्तित्वातच नसते. अशा रनांना वगळू नये आणि त्यांना गणिताची शेवटची वेळही देऊ नये. ‘७२ तासांत फुटले नाही’ अशी त्यांची वेगळी संख्या द्यावी आणि क्रम लावताना त्यांना सर्वांत उशिराचे मानावे.

उत्सर्गासारखी राशी अनेक दशगुणांत पसरते, म्हणून तिचा आलेख लॉगरिदमिक अक्षावर काढावा. सरासरी आणि प्रमाण विचलन देण्याचा आग्रह धरल्यास खालची मर्यादा ऋण येते, आणि ऋण सीझियम ही वस्तू समीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

पायरी ९ : कोणता घटक जबाबदार

प्रत्येक घटक आणि उत्तर यांच्यातील स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध (दोघांच्या क्रमांकांतील जुळणीचे माप) काढावा. ९३ रनांसाठी साधारण ०.२ पेक्षा लहान सहसंबंध योगायोगापासून वेगळा ओळखता येत नाही. शिवाय २० घटक तपासले तर ५ टक्क्यांच्या कसोटीवर एखादा घटक निव्वळ योगायोगाने महत्त्वाचा ठरतो. उत्तर आधी वाढून मग कमी होत असेल, तर सहसंबंध शून्याजवळ येतो आणि घटक मात्र प्रभावी असतो, म्हणून बिंदूंचे आलेख पाहण्याला पर्याय नाही. सोबोलचे निर्देशांक (उत्तराच्या पसाऱ्यातील प्रत्येक घटकाचा वाटा) असे संबंध पकडतात, परंतु २० घटकांसाठी हजाराचा मूळ नमुना घेतल्यास सुमारे २२,००० रन लागतात. एक रन कित्येक तास चालत असताना ते शक्य नसते आणि कोडची जलद नक्कल करणारे पर्यायी प्रारूप बांधावे लागते. त्या नक्कलेची चूक मूळ पसाऱ्याहून लहान आहे, हे वेगळ्या राखून ठेवलेल्या रनांवर दाखवावे.

यादीच्या वर आलेल्या प्रत्येक घटकासाठी त्याच्या कमाल आणि किमान मूल्यांजवळचे एक-एक रन उघडून घटनाक्रम वाचावा. कार्यकारण सांगता येत नसेल, तर तो घटक निष्कर्षात लिहू नये.

पायरी १० : अहवालात काय असावे

कोडची आवृत्ती, बीजसंख्या, प्रत्येक घटकाचे वितरण आणि त्याचा आधार, बंद पडलेल्या रनांची संख्या व त्यांचा निकाल, आणि दुसऱ्या पायरीत मोजलेली गणिताची थरथर, हे सर्व द्यावे. मोजलेच नाही, तेही लिहावे: कक्षांची विभागणी बदलली नव्हती, कर्मचाऱ्यांच्या कृती ठरावीक धरल्या होत्या, एकच कोड वापरला होता. शेवटची बाब लहान नाही. फुकुशिमाच्या अपघातावर आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) अणुऊर्जा संस्थेने चालवलेल्या तुलनात्मक अभ्यासात अनेक देशांच्या गटांनी त्याच तीन भट्ट्यांचे गणित वेगवेगळ्या कोडने केले, आणि वितळलेल्या इंधनाच्या ठावठिकाण्याबद्दल त्यांची उत्तरे वेगळी आली. एका कोडच्या घटकांत फेरफार करून काढलेला पट्टा हा फरक दाखवत नाही. शक्य असल्यास दुसऱ्या कोडचे निदान मूळ रन तरी शेजारी ठेवावे, आणि नमुन्यांचा संपूर्ण तक्ता इनपुट डेकसह जपून ठेवावा, म्हणजे मर्यादा बदलल्यावर पुढच्या गटाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.